गुलाबी केक आणि कलंडलेली कढई

कोजागरीला जयपूरमधल्या मराठी मंडळींचं दूध आमच्या गच्चीवर असतं. यंदा दूध आटायच्या आत सल्ले उतू गेले. माझी सात वर्षांची धाकटी नात जिन्याच्या तोंडाशी जुन्या लॅपटॉपवर एका कासवाकडून रेघा नि कोन काढून घेत बसली होती. एका गृहस्थांनी वाकून पडद्यावर नजर टाकली, 'हे काय, नेटशिवायचं?' म्हणाले आणि मग पाऊण तास थांबले नाहीत. गृहस्थ नुकतेच लेकाकडे बंगळूरला तीन महिने राहून आलेत, त्यामुळे संगणक या विषयात त्यांचा अधिकार मोठा.

पूर्वपक्ष असा. नेटशिवायचे गेम म्हणजे वीज आल्यावरही कंदील पुसत बसणं. टॅब घ्या, हजारो गेम फुकट पडलेत. मुलीला मुलीसारखं काही द्या, केक सजवणं, बाहुलीचा मेकअप. कोन नि कासवं मुलग्यांना ठीक. शिकायचं तेव्हा शिकावं, खेळायचं तेव्हा खेळावं, भेसळ करू नये. आणि शेवटी, डोळे जातात. मी थोडं तिखटमीठ लावून सांगते आहे, हे कबूल. पण 'मुलग्यांना ठीक' हे शब्द त्यांचेच, त्यात माझा चिमूटभरही मसाला नाही.

डोळ्यांचं खरं आहे. म्हणून स्वयंपाकघरातला टायमर अर्ध्या तासावर लावते. पुढे.

भेसळीबद्दल बोलायचं तर ज्या शहरातले मोठाले चौकच बडी चौपड आणि छोटी चौपड या नावांनी, म्हणजे एका पटावरच्या खेळाच्या नावाने ओळखले जातात, त्या शहरात बसून खेळाला नाक मुरडायला धाडस लागतं. आणि आपल्याकडचा मोक्षपट काय होता? पुण्याला शिडी, पापाला साप. भेसळच की ती, आणि पिढ्यानपिढ्या पचली.

आता कंदील. जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र अठराव्या शतकातलं, उंची सुमारे 27 मीटर. त्याला नेट नाही, वीज नाही, सावलीवर दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. या नातीला तिथे नेलं तर म्हणाली, 'आजी, हे घड्याळ मागे आहे.' मागे नव्हतं. भारताची प्रमाणवेळ 82.5 रेखांशावरची, जयपूर आहे पंचाहत्तरच्या थोडं पुढे, एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सरासरी सत्तावीसेक मिनिटांचा फरक पडणारच, ऋतूप्रमाणे कमीजास्त. मनगटावरचं घड्याळ देशाचं असतं, ते दगडी घड्याळ जयपूरचं. जुनं म्हणजे बाद, हे ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तिथे तिकीट काढून उभं राहावं.

शिवाय राजस्थानात राहून 'नेट तर असतंच' असं म्हणणाऱ्याला मी हात जोडते. इथे परीक्षेपायी नेटबंदी झालेली आहे. 26 सप्टेंबर 2021 ला शिक्षकभरतीची रीट परीक्षा होती, मोबाइलचं इंटरनेट दिवसभर बंद. थोरली नात तेव्हा सात वर्षांची होती आणि तिच्या टॅबवर असाच एक फुकटचा केकवाला गेम होता. सकाळी गेम उघडला, मधोमध गोल चक्र फिरत राहिलं. केक तिच्याच टॅबवर, साखर तिच्याच टॅबवर, पण 'आज आलीस का' हे विचारणारा मालक कुठेतरी दूर, आणि तो दार उघडेना. तिला रडू गेम बंद पडल्याचं आलं नाही. सलग सहा दिवस हजेरी लावून सातव्या दिवशी मिळणारी हिऱ्यांची पेटी बुडाली म्हणून आलं. सात वर्षांच्या मुलीची हजेरी! मी एकतीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, गैरहजर राहिलं म्हणून कुणाचे हिरे काढून घेतले नाहीत.

फुकट म्हणजे काय, तेही त्याच महिन्यात मोजलं होतं. तीन केक झाले की अर्ध्या मिनिटाची जाहिरात, ती संपली की फुली शोधायची, आणि फुली एवढी बारीक की चष्म्यातूनही दिसेना. असो.

माझं खरं भांडण 'मुलीसारखं काही'शी आहे, आणि ते कालपरवाचं नाही.

नव्वदच्या दशकात मी ज्या शाळेत गणित शिकवत होते, तिथे संगणकाची खोली झाली. देवघरापेक्षा कडक सोवळं. चपला बाहेर, एसी चालू, एका यंत्रापुढे तीन मुलं. कळफलकावर मुलगा, शेजारी मुलगा, आणि मागे मुलगी वही घेऊन. मी विचारलं तर आमचे एक सहकारी म्हणाले, 'मुलींचं अक्षर छान असतं, प्रोग्राम त्या वहीत लिहितील.' अक्षर छान होतं हे खरंच. त्या छान अक्षरात मुली आज्ञा लिहायच्या, आणि कासव हलायचं दुसऱ्याच्या बोटांनी. मी वाद घातला, मुख्याध्यापकांपर्यंत नेला, आणि हरले. तेव्हा गृहस्थ जे म्हणाले ते मी तीस वर्षांपूर्वी एसीच्या गारव्यात ऐकलेलं आहे. फरक एवढाच की तेव्हा अक्षर होतं, आता केक आहे.

आणि ते कासव कुठलं? लोगो या भाषेतलं. लोगो 1967 साली अमेरिकेत तयार झाली, सेमूर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या हातून. तिसरं नाव पुन्हा वाचावं. मुलग्यांना ठीक म्हणे!

'पण मुलींनाच ते आवडतं' हा हुकमाचा पत्ता गृहस्थांनी दोनदा टाकला. त्यांना माहीत नसलेला पुरावा मीच देते. 1996 साली बार्बी फॅशन डिझायनर नावाचा गेम सीडीवर आला आणि अमेरिकेत तडाख्याने खपला. सगळ्यांनी निष्कर्ष काढला: बघा, मुलींना कपडे हवेत, गुलाबी हवं. त्या गेममध्ये मुली करत काय होत्या, हे कुणी पाहिलं नाही. पडद्यावर कपडा बेतायचा, रंग-नक्षी ठरवायची, मग प्रिंटरमध्ये कागदाऐवजी खास कापड घालून तो छापायचा, कापायचा, जोडायचा आणि खऱ्या बाहुलीला घालायचा. माझ्या मते मुलींना हातात काहीतरी येणं आवडलं होतं. नंतरच्या नकलांनी गुलाबी ठेवलं आणि कापड फेकून दिलं. शिंप्याचं दुकान काढून फक्त आरसा ठेवावा, तसं.

केकचंही तेच. स्वयंपाकाला मी कमी लेखत नाही, कमी लेखतो तो गेम. थोरल्या नातीच्या शेजारी बसून पाहिलं. बाण दाखवेल तिथे बोट टेकवायचं, पीठ आपोआप पडतं, चमचा आपोआप फिरतो, आणि केक प्रत्येक वेळी फुगतो. काही करपत नाही. बसत नाही. चकली करून बघा म्हणावं: मोहन जास्त झालं तर तेलात विरते, कमी झालं तर दाताला हरवते. वाटीचं प्रमाण, तेलाचं तापमान, पाण्याचा हात, रसायनशास्त्राचा अख्खा धडा आहे त्यात. या लोकांनी स्वयंपाकातून स्वयंपाक काढून टाकला आणि उरलेल्या साखरेला 'मुलींचा गेम' नाव दिलं. जिथे चुकताच येत नाही तिथे शिकणार काय? बरोबर येणं हाताबाहेरचं असेल तर आनंद तरी कसला?

आणि मांडणा? इथल्या बायका गेरूने सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या खडूने मांडणे काढतात, आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीची चुलत बहीण. मुलींचंच काम म्हणून समजलं जातं ना? धाकट्या नातीने ते टक्सपेंट या चित्रं काढायच्या कार्यक्रमात काढलं. एका कोपऱ्यात रेघ ओढली की चारी बाजूंना तिची प्रतिबिंबं उमटतात, अशी एक जादूची कांडी त्यात आहे. तासभर ती एकाच पानावर होती (टायमर मी मुद्दाम विसरले). ते मुलीसारखं होतं की गणितासारखं, हे गृहस्थांनी ठरवावं.

मग तुम्ही देता तरी काय, असं दूध घोटत घोटत त्यांनी विचारलंच. माझ्याकडे फार मोठी यादी नाही. एम. आय. रोडजवळच्या गल्लीतून घेतलेला जुना लॅपटॉप, आणि त्यात पेनड्राइव्हवरून टाकलेले तीन-चार मोफत कार्यक्रम. टक्सपेंट 2002 पासूनचं आहे. जीकॉम्प्री फ्रान्समध्ये 2000 साली सुरू झालं. फ्रेंचमध्ये 'मला समजलं' असं म्हणायचं झालं तर जवळपास तसाच उच्चार होतो. शंभराहून जास्त खेळ, जाहिरात एकही नाही. देण्याआधी मी स्वतः दोन संध्याकाळी खेळून बघते, नेट काढून. मध्येच सोडून उठता येतं का आणि चूक झाली तर चूक दिसते का, एवढंच तपासते.

जीकॉम्प्रीतल्या एका खेळात टक्स नावाचा पेंग्विन मासेमारी करून परततो आणि त्याला अंघोळ करायची असते. सूर्य तापवा, ढग आणा, पाऊस पाडा, पंप चालू करा, सांडपाणी शुद्ध करा, तेव्हा नळाला पाणी. पहिल्या दिवशी नातीने सरळ शॉवर दाबला. काहीच आलं नाही. ती म्हणाली, 'आपल्यासारखंच, मोटर लावली नाही.' मग बीसलपूरचं विचारलं. टोंक जिल्ह्यातलं बनास नदीवरचं ते धरण, आमच्या नळात त्याचंच पाणी. आधी रामगढचं यायचं. 1982 च्या आशियाई खेळांतली नौकानयनाची शर्यत जिथे झाली तो तलाव पुढे आटला. या गोष्टी गेममध्ये नाहीत. गेममध्ये फक्त कोरडा शॉवर आहे.

आणि कासव. कोजागरीला ती केटर्टल खेळत होती, लोगोचंच धाकटं भावंड. त्रिकोण काढायचा होता. गृहस्थ आता पुढे सरसावले. 'समभुज त्रिकोण ना? कोन साठ. साठ घाल.' तिने फॉरवर्ड 100, टर्नराइट 60, असं तीनदा घातलं. कासव निघालं आणि रेघा जोडल्याशिवायच थांबलं.

'कढई झाली,' नात म्हणाली. 'कलंडलेली.'

गृहस्थ म्हणाले, मशीनमध्ये बिघाड आहे. मी काही बोलले नाही. एकतीस वर्षांत गप्प राहायला तेवढं शिकले आहे. नात उठली, गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात गेली आणि चालायला लागली. चार पावलं, वळण, चार पावलं. कोपऱ्यावर थांबून स्वतःच्या चपलांकडे बघितलं. 'कोपरा साठचा असला तरी मला त्याहून जास्त वळावं लागतंय. पाठ फिरवायलाच लागते जवळजवळ.' परत आली, नव्वद घातले, नाही जमलं. शंभर, नाही. एकशे वीस घातले आणि रेघ रेघेला येऊन मिळाली.

गृहस्थांनी दुधाचा पेला कठड्यावर ठेवला. 'असं कसं होईल? शाळेत साठच शिकवलंय आम्हाला.'

'आजोबा, तुम्ही चालून बघा ना,' ती म्हणाली, आणि त्यांच्यासाठी सतरंजीची कड बाजूला सारली.