श्रमदानाचाही हिशेब मांडा



२०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातून तीनच तालुके निवडले गेले: वरूड, अंबाजोगाई आणि आपले कोरेगाव. आपल्या वेळू गावाने ४५ दिवस कुदळ-पाटी चालवून पहिला क्रमांक व ५० लाखांचे बक्षीस मिळवले. हात आधी गावाचे लागले, बाहेरचा पैसा मागाहून आला.

'तुम्ही घाला, मग आम्ही घालू' हा रिवाज परदेशातही आहे. ब्रिटनच्या सरकारने २०११ पासून अशी योजना चालवली, की लोकांनी सेवाभावी संस्थेला एक पौंड दिला तर सरकार त्यात एक पौंड घालणार, आणि तो पैसा गरीब देशांतल्या कामांवर लागणार. जर्मन सरकार अशा कामांना ७५ टक्क्यांपर्यंत पैसा देते. उरलेला संस्थेने उभा करायचा.

ही पद्धत आम्हाला मान्य आहे. फुकटात मिळालेल्या बंधाऱ्याला मालक नसतो. तो फुटला तर कोणी दगड लावायला जात नाही.

पण देणगीदाराच्या पौंडाची पावती फाटते, आपल्या घामाची फाटत नाही. कामाच्या फलकावर देणाऱ्याचे नाव आणि रक्कम. गावाच्या वाट्याला 'लोकसहभाग' एवढा एकच शब्द! शिवाय चर खणायला भूमिहीन बाई येते आणि पाणी वाढते विहीरवाल्याचे. मग देणगीदार नक्की कोण?

यावर तोड निघाली होती. १९९२ साली नाबार्डमार्फत राज्यात सुरू झालेल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात अकुशल मजुरीच्या १६ टक्के वाटा गावाने श्रमदानाने द्यायचा होता. भूमिहीन व एकट्या पालकाची घरे मात्र त्यातून वगळली होती. म्हणजे श्रमदान रुपयांत मोजता येते, आणि कोणाकडून घ्यायचे नाही हेही ठरवता येते.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आमच्या तीन मागण्या आहेत. श्रमदानाचे दिवस रोजंदारीच्या दराने मांडून गावाचा हिस्सा म्हणून वहीत लिहावेत. भूमिहीनांना त्यांच्या कामाची मजुरी मिळावी. आणि देणगीदाराला दाखवला जाणारा हिशेब आधी ग्रामसभेत वाचावा.

बरोबरीने घातले, तर बरोबरीने विचारायचा हक्कही आपलाच आहे. कोणापुढे हात पसरायचे कारण नाही.