वहीत न मांडलेला खर्च

घर बांधायला काढलं की आपण बायका कशाकशाचा हिशेब ठेवतो! ओट्याचा ग्रॅनाइट, देवघराची दिशा, टाइल्सचा रंग. सिमेंटची गोणी पाच रुपयांनी महागली तरी आपल्याला कळतं. मेहरूणमधल्या आमच्या घरावर वरचा मजला चढवायला घेतला, तेव्हा मीही एक वही घातली होती. उंचावर काम करणाऱ्या माणसांच्या सुरक्षेसाठी त्या वहीत एक रुपयाही नव्हता. ते माझ्या ध्यानात आलं ते एका अपघातामुळे.

शेजारच्या गल्लीत बंगल्याचा बाहेरून गिलावा चालू होता. परांची म्हणजे काय, तर बल्ल्या, काथ्याची दोरी आणि दोन फळ्या. फळी सरकली आणि गवंडी दुसऱ्या मजल्यावरून खाली आला. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. मालकांनी दहा हजार दिले, ठेकेदाराने पहिल्या दिवसाचं बिल भरलं. त्यांच्या लेखी विषय मिटला.

महिला मंडळातर्फे आम्ही त्याच्या घरी गेलो. रोज 800 रुपये. महिन्याचे 22 दिवस धरले, तरी सहा महिन्यांत 1 लाख 5 हजार 600 रुपये बुडाले. ऑपरेशनसाठी बायकोने पोत मोडली, चार घरची धुणीभांडी धरली. नववीतली मुलगी वडिलांचं करायला घरी बसली. हे कुठल्या वहीत मांडायचं?

येताना हार्डवेअरच्या दुकानात भाव विचारले. हेल्मेट अडीचशेला, खांद्या-मांड्यांना अडकवायचा चांगला बेल्ट दोन हजारांच्या आत. चार माणसांचे फार तर नऊ हजार. आमच्या दाराच्या कोरीवकामाला याहून जास्त गेले होते!

मी बेल्ट आणले खरे, पण आठ दिवस ते खिळ्यालाच लटकले. मिस्त्रींवर चिडले, तर म्हणाले, "ताई, काम चौरस फुटावर आहे. बांधा-सोडायला जाणारा वेळ कोण भरून देणार? आणि मे महिन्यात तुम्हीच घालून बघा एकदा." जळगावचं ऊन मी तुम्हाला काय सांगू! पण त्यांचं म्हणणं पटलं. वस्तूपेक्षा वेळ महाग होता. मग दोन दिवसांची जादा रोजी देऊन लोखंडी पाइपची परांची बांधून घेतली, पूर्ण रुंदीच्या फळ्या आणि कमरेएवढा कठडा. कठडा कुणाला अंगावर घालावा लागत नाही. तो जिथे बसेना, तिथेच बेल्ट. बेल्ट धरून एकंदर पंधरा-सोळा हजार जास्त लागले. यजमान कुरकुरले, खोटं कशाला बोलू?

"कायदा आहे ना?" असं बरेच जण म्हणतात. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातून दहापेक्षा कमी कामगारांची कामं आणि 10 लाखांपर्यंतची स्वतःची घरं वगळलेली होती. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात घरांची मर्यादा 50 लाखांवर गेली. म्हणजे आपल्यासारख्यांची घरं बाहेरच! ऑगस्ट 2023 मध्ये शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचं अवाढव्य यंत्र कोसळून 20 जण गेले, तेव्हा दिवसभर टीव्हीवर तेच होतं. गल्लीतली सरकलेली फळी कुणाला दिसते?

राज्याचं बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ आहे. त्याचा भांड्यांचा संच आपल्या बायकांना बरोबर ठाऊक असतो; मुलांना शिष्यवृत्ती मिळते, कामावर मृत्यू झाला तर वारसांना 5 लाख मिळतात, हे नसतं. पण नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. या गवंड्याची नोंदणीच नव्हती. निदान मुलगी पुन्हा शाळेत जावी, म्हणून आम्ही त्या दाखल्यामागे लागलो आहोत. ठेकेदार म्हणतो, तो माझ्याकडे सलग नव्हताच. मालकीणबाईंनी मात्र त्यांच्या कामाची हजेरीवही काढून दिली आहे. सोमवारी ती घेऊन आम्ही चौघी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहोत.