ऊसवाल्याच्या घरी विकतची मिरची

वजनकाट्यावर किलो-किलोसाठी भांडणारे आमचे सभासद बंधू आठवडी बाजारात मात्र पाव किलो मिरचीला मागेल तो दाम मोजून येतात. उन्हाळ्यात वर्षाच्या तिखटाची मिरची घ्यायची म्हटली, की घरातली बाई आधी मालकाच्या तोंडाकडं बघते. चार एकर बागायत, विहिरीला पाणी, आणि मिरची विकत! हे आम्हाला पटत नाही.

कुणी म्हणेल, "अहो, गुंठ्याला टनभर ऊस निघतो, तिथं मिरची कशाला?" हिशेब बरोबर, पण अर्धा. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रान अडवतो आणि बिलातून आधी सोसायटीची कपात होते. गुंठाभर मिरची नीट राखली तर आठ-दहा किलो वाळलेली मिळते. त्यातली काही हिरवीच विकली, तर तो पैसा कपातीत न जाता थेट घरातल्या बाईच्या हाती पडतो. हा गुंठा तिच्या हवाली करावा आणि त्याचा हिशेब तिला विचारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"आमच्या रानात मिरची येतच नाही," ही दुसरी तक्रार. येत नाही, कारण आपण तिला उसासारखी वागवतो. उसाला पाट फोडून मोकळं व्हायची आपली सवय. मिरचीच्या बुडाशी पाणी तुंबलं की मूळ कुजलंच. म्हणून रोप गादीवाफ्यावरच करावे. मृगाच्या आधी बी ओळीत, अर्ध्या बोटावर टाकावे, वर चाळलेले शेणखत पसरावे, पाणी झारीने द्यावे. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. वाफ्यावर मच्छरदाणीचे कापड ताणले तर पांढरी माशी लांब राहते. पाच-सहा आठवड्यांचे रोप संध्याकाळी, वरंब्यावर, दोन-दोन फुटांवर लावावे. पाचट पेटवण्यापेक्षा त्यातले चार भारे इथे अंथरावेत. ओल टिकते, खुरपणी वाचते.

पाने वळली की आपण लगेच "बोकड्या पडला" म्हणतो. पुष्कळदा तो बोकड्याच असतो. फुलकिडे, कोळी आणि पांढरी माशी त्याला कारण होतात, आणि फार आकसलेले झाड उपटून टाकणेच बरे. पण ऊसपट्ट्यात आणखी एक कारण आहे, ते कुणी बोलत नाही. उसातल्या रुंद पानांच्या तणावर आपण टू-फोर-डी मारतो. त्याच पंपाने दुसऱ्या दिवशी मिरचीवर औषध फवारले, की तळाशी राहिलेल्या थेंबांनीही झाड वाकडेतिकडे होते. वाऱ्यावर आलेला फवारासुद्धा पुरतो. मग दुकानदार किडीचे महागडे औषध देतो आणि गुण काही येत नाही. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा, वारा मिरचीकडे असेल त्या दिवशी फवारणी नको.

लावणीपासून दोनेक महिन्यांत हिरवी मिरची सुरू होते. तोडा वेळेवर झाला तर झाड पुन्हा फुलते; नुसती लाल होऊ दिली तर थांबते.

संकरित बियाण्याचे घरचे बी धरू नये, पुढची पिढी एकसारखी येत नाही. ज्वाला, संकेश्वरी अशा सरळ वाणांचे मात्र जरूर धरावे. शेजारी दुसऱ्या वाणाची मिरची असेल तर माशा परागाची भेसळ करतात, एवढे ध्यानात असू द्या. निरोगी झाडांची पूर्ण लाल फळे सावलीत वाळवून बी काढावे, राख लावून कोरड्या बाटलीत भरावे आणि वर वाणाचे नाव व साल लिहावे. दोन वर्षांपलीकडे त्यावर भरवसा नको.

आमच्या शेतकी खात्यालाही एक सांगणे आहे. बेणेमळ्याच्या कडेला मिरचीच्या रोपांचे चार वाफे टाकायला काही ठराव लागत नाही. पुढच्या मेपासून टाकावेत, आणि रोपे न्यायला येणाऱ्या बाईकडे शेअरचा नंबर मागू नये.