उपवासकाळ आणि घरची आई

गेल्या राखेच्या बुधवारी मिस्सानंतर एका तरुण मातेने आम्हांला विचारले, “फादर, मी बाळाला अंगावर पाजते. आज दुपारी पोटभर जेवले, ते पाप का?” पाप नव्हे. गर्भवती व स्तनदा मातांना उपवासाची सक्ती नाही. परंतु हे त्यांना कोणी सांगत नाही, हा दोष आम्हा धर्मगुरूंचा आहे.

१९८३ च्या कॅनन लॉचे १२५२ वे कलम १४ वर्षे पूर्ण झालेल्यांना मांसवर्ज्याचे, तर १८ पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासाचे बंधन घालते. एवढे सर्वांना पाठ असते. त्याच कलमाचा पुढील भाग क्वचितच वाचला जातो: लहान मुलांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकविण्याची जबाबदारी धर्मगुरू आणि आईवडील यांची आहे. केवळ आईची नव्हे. आमच्या वसईतील अनेक घरांत मात्र मुलांची प्रार्थना, सासूबाईंचे पथ्य आणि शुक्रवारचा वेगळा स्वयंपाक एकाच स्त्रीच्या वाट्याला येतो. (शुक्रवारी मटणाऐवजी पापलेट तळले, म्हणजे नियम पाळला जातो, तपश्चर्या झाली असे आम्ही म्हणणार नाही.)

संध्याकाळच्या क्रूसाच्या वाटेला या माता दिसत नाहीत, कारण तीच चुलीची वेळ. येत्या शुक्रवारी कुकर वडिलांनी लावावा. वेळ बदलण्याचा विचार आम्हीही धर्मग्राम परिषदेपुढे मांडणार आहोत.