शालू चालतो, लिपस्टिक खटकते

मेहकर तालुक्यातल्या सेंदुरजनला १९०९ साली जन्मलेल्या ना. घ. देशपांडे यांनी ऐन विशीत ‘शीळ’ ही कविता लिहिली. पुढे मेहकरातच त्यांनी वकिली केली आणि १९८६ मध्ये ‘खूणगाठी’ला साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. महाराष्ट्राला मात्र ते आधी कळले ते गाण्यामुळे. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जी. एन. जोशी यांनी ‘शीळ’ गायली, तिची तबकडी निघाली आणि गाणं घरोघरी पोचलं. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना आजही सुरुवातीलाच तिचं नाव घेतात. या गाण्यात बोलते ती खेड्यातली तरुणी; प्रियकराला लटक्या रागाने सुनावणारी. लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष, मन मात्र बाईचं. त्यावरून जोशींची कुणी टर उडवल्याचं ऐकिवात नाही. बुलढाणा जिल्ह्याने मराठीला दिलेलं पहिलं ‘हिट’ गाणं कुठलं, असं विचारलं तर उत्तर हेच द्यावं लागेल.

आता त्याच जिल्ह्यात, खामगावात किंवा चिखलीत, एखाद्या दहावीतल्या मुलीच्या मोबाइलवर कोरियाच्या ‘बीटीएस’चं गाणं लागतं. सात तरणीताठी मुलं, रंगवलेले केस, डोळ्यांत काजळ, ओठांवर हलकी लाली, कानांत डूल. घरातल्या काकांचा शेरा ठरलेला असतो: “हे पोट्टे हायेत का पोट्ट्या?” पाठोपाठ ‘आपल्या संस्कृतीत हे बसत नाही’ हेही येतं. पहिल्या वाक्यावर हसून पुढे जाता येईल. दुसरं मात्र तपासून पाहायला हवं, कारण ते साफ चुकीचं आहे.

नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व हे मराठी माणसाचे पहिले सुपरस्टार. भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा नायिका त्यांनी अशा उभ्या केल्या, की घरंदाज बायका त्यांच्यासारखी साडी नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. बाई कशी दिसावी, हे बायका एका पुरुषाकडे पाहून शिकत होत्या! ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग झाला. धैर्यधर होते केशवराव भोसले आणि भामिनी बालगंधर्व. हे केशवरावही लहानपणी ‘शारदे’च्या भूमिकेने गाजलेले. दीनानाथ मंगेशकरांची लतिका गाजली. पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस हेदेखील मूळचे स्त्रीभूमिका करणारे नट. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती म्हणजे अण्णा साळुंके. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही तेच. या यादीतलं कुणी संस्कृतीबाहेरचं होतं, असं म्हणायची कुणाची छाती आहे? बालगंधर्वांना १९६४ मध्ये सरकारने पद्मभूषण दिलं. त्यांच्यावरच्या २०११च्या चित्रपटासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सर्वोत्कृष्ट ‘पुरुष’ पार्श्वगायकाचा. गायलेली पदं बहुतेक नायिकांची होती, पण पुरस्काराच्या रकान्याला त्याचं काय!

हे सगळं पुण्या-मुंबईच्या नाटकगृहांपुरतंच होतं असंही नाही. वऱ्हाडातल्या दंडारीत लुगडं नेसून उतरणारे गडीच असत. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. वारीच्या वाटेवर कुणी मिशीवाला वारकरी डोक्यावर पदर घेऊन नाथांचं भारूड करतो, सासूला शिव्या घालणारी सून होतो, आणि बाया-बापे पोट धरून हसतात. कुणाच्या भक्तीला त्याने बाट लागत नाही. गौळणी आणि विरहिणी तर पुरुष संतांनीच स्त्री होऊन गायल्या आहेत. उलट बाजूही पाहावी. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्त्रियांच्या नाटक मंडळ्या निघाल्या, त्यांत नायक आणि खलनायकही बायकाच करत. त्यांची आठवण मात्र फारशी कुणी जपली नाही.

मग खटकतं नेमकं काय?

एक खरा फरक आहे आणि तो मान्य करायला हवा. बालगंधर्व भामिनी ‘करत’ होते. पडदा पडला की शालू उतरायचा आणि नारायणराव कोट-टोपीत बाहेर यायचे. कोरियन गायक कुठल्याही नायिकेचं सोंग घेत नाही. तो स्वतःच्या नावाने, पुरुष म्हणूनच, काजळ घालून उभा राहतो. भूमिकेला सुट्टी असते, चेहऱ्याला नसते. समाजाला सोंग चालतं, कारण सोंगाला वेळ आणि जागा ठरलेली असते: नाटक, वारी, होळी, जत्रा. तेच रोजच्या जगण्यात आलं की धास्ती वाटते. धास्ती रंगरंगोटीची नाहीच मुळी. २००५ साली पुरुषांसाठी खास गोरेपणाचं क्रीम बाजारात आलं, पुढे शाहरुख खानने त्याची जाहिरात केली, आणि अंगठ्याएवढी पाकिटं गावोगावच्या किराणा दुकानांत लटकू लागली. तेव्हा पौरुष बुडाल्याची ओरड झाली नाही. नटून ‘मर्द’ दिसायला परवानगी आहे, नाजूक दिसायला नाही.

दुसरा फरक जरा अवघड जागेचा आहे. स्त्रीवेशातल्या प्रत्येक पुरुषाला महाराष्ट्राने शालू दिला नाही. संगीत नाटकातला ‘स्त्री पार्टी’ नट आदराने मिरवला, तमाशातल्या नाच्याच्या वाट्याला मात्र शिट्ट्या आणि हेटाळणी आली. गणपत पाटील यांनी मराठी तमाशापटांत नाच्या इतका हुबेहूब उभा केला, की पडद्यावरची ती छबी त्यांच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटली. घरसंसार असलेल्या या कलावंताकडे लोक त्याच नजरेने पाहत राहिले. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधला गुणा हीच कथा सांगतो: अंगापिंडाने पैलवान, पोटाने मजूर, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि गाव, घर, इज्जत सगळं गमावतो. २०१० मध्ये त्यावर चित्रपट आला. अजय-अतुलच्या गाण्यांवर लग्नाच्या वराती नाचल्या, ‘अप्सरा आली’ गॅदरिंगांत वाजलं. पण गुणाच्या वाट्याला जे आलं, त्यावर वरातीत कोण बोलणार? एकाच वेशाची किंमत पाहणारा कोण, नाचणारा कुठल्या जातीचा आणि रंगमंच कुणाचा, यावरून ठरत आली आहे. ‘आपली संस्कृती’ म्हणताना नेमकी कुणाची, हे कुणी सांगत नाही.

हा दुटप्पीपणा एकट्या आपलाच नाही. चीनमध्ये मेई लानफांग (१८९४-१९६१) यांनी पेकिंग ऑपेरात आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या आणि साम्यवादी राजवटीतही त्यांना राष्ट्रीय कलावंताचा मान मिळाला. त्याच चीनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी नियामकाने वाहिन्यांना ‘बायकी’ पुरुष दाखवणं बंद करा, असा हुकूम सोडला. रोख कोरियन धाटणीचा नट्टापट्टा करणाऱ्या गायकांवर होता. मेलेला मेई चालतो, जिवंत पोरगा नको.

पाश्चात्त्य देश फार मोकळे, हाही समज अर्धाच खरा. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच पहिला बँड काढलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. १९८४ मध्ये त्याच्या ‘क्वीन’ या बँडच्या चौघांनी एका गाण्याच्या चित्रफितीत बायकांचे कपडे घातले. ब्रिटनमध्ये लोक खदखदून हसले, कारण तिथल्या एका गाजलेल्या मालिकेची ती थट्टा होती. अमेरिकेत मात्र नाकं मुरडली गेली. गाणं तेच, मिशी तीच, घागरा तोच.

राहिला प्रश्न चाहत्यांचा, आणि खरी मेख तिथेच आहे. बालगंधर्वांसाठी गावोगावहून येणारा, कर्ज काढून तिकीट घेणारा चाहता ‘रसिक’ ठरला. ‘बीटीएस’साठी कोरियन शब्द पाठ करणारी मुलगी ‘वाया गेलेली’ ठरते. दोघांचं वेड एकाच जातकुळीचं. फरक इतकाच, की पहिल्याला समाजातल्या पुरुषांनी दाद दिली आणि दुसरं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींचं आहे. त्यांना काय आवडावं हे ठरवायची सवय घरातल्यांना आहे. आपला देखणा पुरुष आपण निवडायचा, तोही दंड फुगवून न धमकावणारा, रडू आलं तर रडणारा, ही या मुलींची निवड अनेकांना मेकअपपेक्षा जास्त झोंबत असावी. ‘बीटीएस’चे सातही जण सक्तीची राष्ट्रीय सेवा पुरी करून आले, असं सांगून काही चाहते टीकाकारांची तोंडं बंद करू पाहतात. हा युक्तिवाद कामाचा नाही. पौरुष सिद्ध करायला बंदूकच हवी, हे त्यातून पुन्हा मान्य होतं.

या चर्चेचा खरा फटका कोरियातल्या गायकांना बसत नाही, ते कोट्यधीश आहेत. बसतो तो इथल्या मुलांना. लावणीवर उत्तम नाचणारा एखादा मुलगा रील टाकतो आणि खाली शिव्यांची रांग लागते. त्या लिहिणाऱ्यांतले कित्येक ‘नटरंग’ पाहून टाळ्या पिटलेले असतात. सोसायचं त्या एकट्याला, कारण त्याच्या पाठीशी ना गंधर्व नाटक मंडळी असते ना कोरियन कंपनी. हिवाळ्यात जिल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांची स्नेहसंमेलनं सुरू होतील. त्यात एखादा मुलगा लावणी करतो म्हणाला, तर शिक्षकांनी त्याचं नाव यादीतून खोडू नये, विनोदी कार्यक्रमात ढकलू नये. त्याचा ताल बघावा, अदा बघावी, आणि बरा नाचला तर बक्षीस द्यावं. पहिल्या रांगेत बसणाऱ्या पाहुण्यांनी शिट्टी मारण्याऐवजी टाळी वाजवावी.