स्टिकर निघतो, गम राहतो

नव्या भांड्यावरचा स्टिकर ओढला की बहुतेक वेळा वरचा कागद हातात येतो आणि गमचा थर भांड्यावर राहतो. स्वयंचिकट लेबलचा हा गम कधीच पूर्ण वाळत नाही. तो अतिघट्ट द्रवासारखा वागतो. अंगठ्याने दाबला की पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत पसरतो आणि झटक्याने ओढला की रबरासारखा ताणून धरतो. त्याची पकड कागदाच्या तंतूंपेक्षा बळकट असल्यामुळे कागद मधोमध फाटतो. अशा गमचा वापर गेल्या शतकात वाढला. अमेरिकेत रिचर्ड ड्रू यांनी 1925 मध्ये मास्किंग टेप तयार केली आणि 1935 मध्ये स्टँटन एव्हरी यांनी स्वयंचिकट लेबलांचा धंदा सुरू केला. त्याआधी बाटल्यांवरचे कागद खळीने किंवा झाडाच्या डिंकाने चिकटवत, आणि ते पाण्यात भिजवले की सुटत.

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीत हा प्रश्न दोन वाटांनी घरात येतो. गुरुवारच्या आठवडी बाजारातून आणि शहरातल्या दुकानांतून येणारे स्टीलचे डबे, प्लास्टिकच्या बादल्या आणि बरण्या यांवर किमतीचे आणि कंपनीचे स्टिकर असतात. दुसरी वाट लष्करी बदल्यांची. सामान हलवताना लोखंडी पेट्या, कपाटे आणि टेबलांना लावलेली तपकिरी टेप आणि खोक्यांचे क्रमांक नव्या घरी पोचल्यावरही चिकटून असतात. त्यातच मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने आणि उन्हाने गममधले रेणू एकमेकांशी जोडले जातात, थर पिवळा व कडक होतो. म्हणून नव्या वस्तूचा स्टिकर त्याच आठवड्यात काढणे सोपे, वर्षभर गच्चीत राहिलेल्या टाकीवरचा काढणे अवघड.

कामाची सुरुवात ओळखीने करावी. लेबलच्या कोपऱ्यावर पाण्याचे दोन थेंब ठेवावेत. कागद ओला होऊन गर्द दिसला तर पाणी आत शिरते आहे. बाटली बादलीत तासभर बुडवली की पुरते. थेंब तसाच गोल राहिला तर वर प्लास्टिकचा पापुद्रा आहे, तिथे भिजवण्याचा उपयोग नाही. नळाला रोज पाणी येत नसलेल्या घरांत सगळ्या बाटल्या एकाच बादलीत भिजवून ते पाणी पुढे फरशीसाठी वापरता येते.

प्लास्टिकच्या पापुद्र्यावर उष्णता चालते. स्टीलच्या डब्यात गरम पाणी ओतून पाच मिनिटे थांबावे, मग कोपरा उचलून स्टिकर भांड्याला जवळजवळ समांतर ठेवत सावकाश ओढावा. पेटीला किंवा कपाटाला हेअर ड्रायरची गरम हवा द्यावी. उष्णता बेताची हवी. फार तापलेला गम पातळ होऊन स्वतःच दुभंगतो. अर्धा कागदाबरोबर येतो, अर्धा मागे राहतो. रिकामे भांडे थेट गॅसवर धरण्याची पद्धत घरोघरी आहे, पण त्याने स्टीलवर पिवळे-निळे डाग पडू शकतात आणि नॉनस्टिकचा लेप जास्त तापून बिघडतो.

मागे राहिलेला थर आधी कोरडाच कमी करावा. जुने एटीएम कार्ड तिरपे धरून खरवडावे, नंतर ताज्या टेपचा तुकडा थरावर दाबून पुन्हा पुन्हा उचलावा. गम गमलाच अधिक धरत असल्याने बराचसा टेपवर येतो. उरलेल्यासाठी द्रावक लागते, आणि घरातली द्रावके दोन गटांत मोडतात. रबरी गम तेलात फुगतो आणि पकड सोडतो. त्यावर तेल लावून वीस मिनिटे थांबावे. अॅक्रिलिक गमवर तेल कमी चालते, स्पिरिट किंवा हॅण्ड सॅनिटायझर अधिक. कोणता गम आहे हे डोळ्यांनी कळत नाही, म्हणून आधी तेल, जमले नाही तर स्पिरिट, हा क्रम सोयीचा.

तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. मराठवाड्यातल्या स्वयंपाकघरात करडईचे तेल जुने, पण ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू सुकणारे तेल आहे. पुसायचे राहिले तर काही दिवसांत त्याचाच चिकट पापुद्रा बनतो. खोबरेल तेल असे सुकत नाही, त्यामुळे या कामाला ते बरे. निलगिरीचे तेल अधिक जोरकस आहे. मोसंबीच्या सालीतल्या तेलात बहुतांश लिमोनिन असते आणि ते गम चांगला विरघळवते. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. तिची ताजी साल दुमडून पिळली की छोट्या डागापुरते द्रावक फुकट मिळते. हेच लिमोनिन थर्माकोलही विरघळवते, त्यामुळे त्यापासून ते दूर ठेवावे.

द्रावकाची निवड शेवटी गमपेक्षा खालच्या वस्तूवर ठरते. काच सगळ्यात सोशिक. तिच्यावर तेल, स्पिरिट, ओले करून तिरपे धरलेले ब्लेड, सगळे चालते. आरशाचे तसे नाही. टिकल्यांचा गम काढताना स्पिरिट आरशावर न ओतता फडक्यावर घ्यावे. कडेने आत झिरपलेला द्रव मागचा लेप खातो आणि काळे ठिपके उमटतात. स्टीलला तेल उत्तम, तारेची घासणी नको.

प्लास्टिकच्या वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात छापलेला आकडा आधी पाहावा. 2 आणि 5 म्हणजे पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन. बादल्या आणि डबे बहुधा यांचे असतात आणि त्यांना स्पिरिटने काही होत नाही. 6 म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि 7 या इतर गटात पॉलिकार्बोनेट येते. अशा कडक पारदर्शक प्लास्टिकवर नेलपॉलिश रिमूव्हरमधले अॅसिटोन पडले तर ते धूसर होते किंवा त्यावर बारीक तडे जातात. तिथे साबणाचे कोमट पाणी आणि खोबरेल यांच्यापुढे जाऊ नये.

रंगवलेल्या लोखंडी पेटीवर थिनर लावला तर गमबरोबर रंगही जातो आणि त्यावर लिहिलेले नाव-क्रमांकही. लाकडी टेबलावर लाखेचे पॉलिश असेल तर स्पिरिट पूर्ण टाळावे, कारण ते पॉलिश मुळात लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तयार करतात. दोन्हीकडे ड्रायर आणि थोडे खोबरेल पुरते. बिदरी वस्तूवरचा किमतीचा स्टिकरही खोबरेलानेच काढावा. बिदरीचा काळा रंग हा धातूवरचा पातळ थर आहे; लिंबू, चिंच किंवा पावडर लावून घासले तर तो उडतो. हिमरू शालीवर किंवा पैठणीवर तेल वा पाणी लावूच नये. पिशवीत बर्फ घेऊन तो डागावर धरावा, गम कडक झाला की नखाने हलकेच उचलावा, उरलेला ड्रायक्लीनरकडे सोपवावा. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर गुळगुळीत लेप नसेल तर हात न लावणेच शहाणपणाचे.

पेट्रोलने गम झटकन निघतो, पण घरात त्याचा वापर करू नये. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या शेगडीपर्यंत पोचते. रॉकेल साधारण 38 अंशांच्या पुढे पेटण्याजोगी वाफ देते. थंडीत ते तुलनेने सुरक्षित वाटले तरी मे महिन्याच्या दुपारी तसे राहत नाही. स्पिरिट आणि रिमूव्हर वापरतानाही खिडकी उघडी आणि गॅस बंद हवा.

डाग निघाल्यावर तेल निघाले पाहिजे. बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण साका धरतो, म्हणून भांडी घासायचे लिक्विड वापरावे. काच किंवा स्टील स्वच्छ झाले का, हे पाण्यावरून कळते. पाणी सलग पसरले तर काम झाले. थेंब थेंब होऊन तुटले तर अजून स्निग्ध थर आहे. खरवडलेल्या गमचे गोळे मोरीत सोडू नयेत. गरम पाण्याबरोबर ते पाइपात जातात आणि आत गार होऊन चिकटतात. त्यांची जागा सुक्या कचऱ्यात.

काही लेबले काढायची नसतात. फ्रिज, कूलर, मिक्सर यांवरचा मॉडेल आणि अनुक्रमांकाचा स्टिकर दुरुस्तीच्या वेळी मागितला जातो. औषधाच्या बाटलीवरचे नाव, मात्रा आणि मुदतीची तारीख औषध संपेपर्यंत राहिली पाहिजे. फिनेल किंवा अॅसिडच्या बाटलीवरचा कागद हा इशारा असतो. तो गेला की ती बाटली आणि पाण्याची बाटली यांत घरातल्या लहान मुलाला फरक दिसत नाही. कपाशीवर फवारायच्या कीटकनाशकाचा डबा तर लेबल काढून, कितीही धुऊन, घरात वापरूच नये. त्याचे झाकण काढून, भोके पाडून तो निकामी करावा.