वाडा विकला म्हणणाऱ्यांनो

दर निवडणुकीचा निकाल लागला की आपल्यातलाच कुणीतरी शहाणा उठतो आणि बोंबलतो, "बुद्धवाडा विकला गेला. मटणावर गेला, बाटलीवर गेला." बोलणारा कोण? पहाटेची विरार लोकल धरून मुंबई गाठणारा, महिन्याचा पगार घेणारा. मतदानाची भरपगारी सुट्टी कायद्यानं मिळते, तर हा झोपतो नाहीतर अर्नाळ्याच्या समुद्रावर जातो. आणि सकाळी सातला रांगेत उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्यांकडे हिशोब मागतो. दोस्तहो, हा धंदा आता बंद करा.

पालघर जिल्ह्यातले मतदानाचे आकडे काढून बघा. विक्रमगडचा आदिवासी ज्या प्रमाणात मत टाकतो त्या प्रमाणात नालासोपाऱ्याचा बिल्डिंगवाला टाकत नाही. तेव्हा उदासीन हा शब्द खेड्याला लावू नका. १९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली तेव्हा जमीन, सारा, उत्पन्न बघून मत द्यायची भाषा चालू होती. ज्याच्याकडे वीतभर जमीन नाही त्याच्यासाठी बाबासाहेब भांडले. १९२८ ला सायमन कमिशनपुढे त्यांनी सरसकट प्रौढ मतदान मागितलं. तेव्हाचे पांढरपेशे काय म्हणत होते? अडाण्याला मत दिलं तर त्याला त्याची किंमत काय कळणार! तेच वाक्य आज आपली पोरं बोलतात, गळ्यात निळा गमछा घालून.

आता खरी गोम बघा. मतदान गुप्त असतं म्हणतात. असतं, शहरात. खेड्यात एका केंद्रावर हजार-बाराशे नावं, कुठे त्याहून कमी. मोजणी केंद्रनिहाय होते आणि फॉर्म २० मध्ये केंद्राकेंद्राची मतं छापून येतात. मतदार यादीत वाडा वेगळा दाखवलेला असतो. गावच्या पुढाऱ्याला स्वतःची घरं तोंडपाठ. त्यानं वजाबाकी केली की वाडा शिट्टीकडे गेला का कमळाकडे, हे चहा संपायच्या आत कळतं. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर विचारूच नका. मग नळाचं पाणी आटतं, वाड्याचा रस्ता पुढच्या वर्षावर जातो, शेतावरचं काम दुसऱ्याला मिळतं. ज्याची चूल त्याच गावात पेटायची आहे तो माणूस काय करील? तो निवडणुकीआधीच बोली करून ठेवतो. याला तुम्ही विकणं म्हणता. मी याला ओलीस राहणं म्हणतो.

हे सरकारला माहीत नाही असं नाही. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा १९६१ च्या नियमांत ५९-अ होता, मोजणीआधी अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. मशीन आलं आणि ती सोय गेली. अनेक मशीनची मतं एकदम मोजणारा टोटलायझर निवडणूक आयोगानं २००८ साली सुचवला, २०१५ साली विधी आयोगानं २५५ व्या अहवालात तो उचलून धरला. केंद्र सरकारनं सुप्रीम कोर्टात विरोध केला. कोणत्या केंद्रावर काय झालं हे कळलं पाहिजे म्हणे. कुणाला कळलं पाहिजे, ते आम्हाला कळतं!

आणि आपले पुढारी? रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला जन्मला. आज त्याचे तुकडे मोजायलाच टोटलायझर लागेल. १९९८ ला एकत्र आले तर खुल्या जागांवरून चार खासदार निवडून आले. मग पुन्हा ज्याची त्याची खुर्ची. मुंबईच्या स्टेजवर हे अख्ख्या समाजाचा गठ्ठा कुणाच्या तरी हातात देतात, त्याला युती म्हणतात. वाड्यानं आपल्या नळासाठी बोली केली की ती बेइमानी!

वसईचंच घ्या. २००९ साली चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून महापालिका झाली. गावं पेटली, गाव वाचवा म्हणून. त्याच वर्षी विवेक पंडित आमदार झाले. २०११ ला २९ गावं वगळायचा निर्णय, मग कोर्ट, मग २०२४ ला ती गावं महापालिकेतच ठेवायचा निर्णय. या सगळ्या भांडणात वाड्याला कुणी विचारलं? गावपण वाचवायचं म्हणजे कुणाचं? ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत बाबासाहेब खेड्याबद्दल काय बोलले ते वाचा. बरं, महापालिकेनं तरी काय दिलं? २०१५ साली ११५ पैकी १०६ जागा बहुजन विकास आघाडीला. जून २०२० ला मुदत संपली आणि पुढं पाच वर्षांहून जास्त प्रशासकाचं राज्य. नगरसेवकच नव्हता, तर वाडा कुणाच्या दारात जाणार होता?

पक्षाच्या नावात बहुजन! हा शब्द कुठला? सोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणून काढला, त्या मातीतला. तो शब्द आता एका घराण्याच्या पाटीवर. समोरचे तरी काय धुतल्या तांदळाचे? १९ नोव्हेंबर २०२४, मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या हॉटेलात भाजपच्या बड्या नेत्याला घेरलं, पैसे वाटल्याचा आरोप झाला. त्यांनी नाकारला. आणि निकाल? हितेंद्र ठाकूर पडले ते ३,१५३ मतांनी, स्नेहा दुबे पंडित निवडून आल्या. किती वाडे झाले हे, हिशोब करा. एवढ्याशा मतांवर आमदारकी फिरते आणि आपण म्हणतो वाड्याला किंमत नाही.

मांडवीकडची गावं तर बोईसर मतदारसंघात, जागा आदिवासींसाठी राखीव. तिथे वाडा आणि वारली पाडा एकाच रांगेत. आपला किती जणांचा पाय कधी पाड्याला लागलाय?

तेव्हा लोकलवाल्यांनो, ऐका. तुमचा पगार सरपंचाच्या हातात नाही. तुम्हाला कामावरून तो काढू शकत नाही. म्हणून तुमचं मत वाड्याला हवंय. तुम्ही येत नाही तेव्हा रांगेत फक्त अडलेली माणसं उरतात आणि पुढाऱ्याची वजाबाकी बरोबर जमते. न अडलेली पन्नास मतं त्यात पडली की त्याला कळायचं नाही कुठलं कुणाचं. म्हातारीनं मनासारखं बटन दाबलं तरी ती झाकून जाईल. आपल्यातला एक जण पोलिंग एजंट म्हणून आत बसवा, संध्याकाळी १७-सी ची प्रत सही करून हातात घ्या. फॉर्म २० आपणही काढू, आपणही वजाबाकी शिकू. आणि सुट्टीच्या दिवशी अर्नाळ्याला जायचंच असेल तर दुपारनंतर जा. समुद्र कुठं जात नाही.